व्हँकुव्हरच्या सीवॉलवर दिवसभराची रपेट

भाड्याची सायकल हातात आली की आधी ब्रेक तपासा. आपल्याकडे बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाला असतो. कॅनडात साधारणपणे डावा. हाताला जुनी सवय असते. घाईत डावा करकचून दाबला गेला, तर पुढचं चाक अडतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून मी डेन्मन स्ट्रीटजवळच्या गल्लीत आठ-दहा वेळा थांबून-निघून पाहिलं, मगच सीवॉलकडे, म्हणजे समुद्रकाठच्या भिंतीवरून जाणाऱ्या वाटेकडे, वळलो. सीटची उंचीही तिथेच ठरवली : पेडल अगदी खाली असताना त्यावर टाच टेकली की गुडघा सरळ व्हायला हवा. चवडा ठेवल्यावर तो किंचित वाकतो, तेवढंच बरोबर. सीट खाली राहिली तर १५ किमीनंतर गुडघे बोलू लागतात. हेल्मेट इथे कायद्याने सक्तीचं आहे, मोठ्यांनाही.

सायकल तासाच्या हिशेबाने घेऊ नये. स्टॅन्ली पार्कचा फेरा सुमारे ९ किमीचा, पण घड्याळाकडे बघत केला तर त्यात काही राहत नाही.

पार्कभोवती सायकलींना एकेरी वाट आहे, घड्याळाच्या उलट दिशेने. पाण्याकडची पट्टी चालणाऱ्यांची, आतली आपली. मध्येच काही विसरलं म्हणून मागे फिरता येत नाही, तेव्हा पाणी आणि खाणं निघतानाच बरोबर असू द्या. वेगमर्यादा ताशी १५ किमी, आणि तीही पुरते. ब्रॉक्टन पॉइंटला टोटेम खांबांपाशी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या कोरीव लाकडी खांबांपाशी, उतरावंच. तिथे गर्दी होते, म्हणून सकाळी लवकर पोचलेलं बरं.

लायन्स गेट पुलाखालून पुढे गेलं की सगळं बदलतं. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र, आणि पश्चिमेचा वारा असेल तर तो तोंडावर. इथे गिअर एकदोन पायऱ्या हलका करा, जोर लावू नका. सिवॉश रॉक या पाण्यातल्या सुळक्याजवळ वाट अरुंद होते. ही भिंत मुळात लाटांनी किनारा झिजू नये म्हणून बांधायला घेतली, १९१७ मध्ये; पार्कभोवतीचा फेरा पुरा व्हायला १९७१ उजाडलं. जेम्स कनिंगहॅम या गवंड्याने तिच्यावर तीस वर्षांहून अधिक काळ काम केलं. दगडांचे सांधे जवळून पाहिले की त्या कामाबद्दल आदर वाटतो. हिवाळ्यात वादळ आणि मोठी भरती एकत्र आली की लाटा वाटेवर ओंडके आणून टाकतात, तेव्हा हा भाग बंद करतात. शरद ऋतूत कड्याचे सुटे दगड काढण्यासाठीही तो काही दिवस बंद असतो. त्या काळात जाणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

इंग्लिश बेच्या किनाऱ्यावर विसावा घेऊन फॉल्स क्रीक या खाडीकाठची वाट धरली. इथे सायकली दोन्ही दिशांनी येतात. उजवीकडून चालवायचं, पुढच्याला डावीकडून ओलांडायचं आणि आधी घंटी वाजवायची. आपला हात नकळत डावीकडे ओढतो, विशेषतः वळणावर. गवताशेजारी कॅनडा गीज या रानहंसांची विष्ठा पडलेली असते. ओली असेल तर चाक घसरतं, तिच्यावर ब्रेक मारू नका.

सायन्स वर्ल्ड या विज्ञान केंद्राला वळसा घालून ग्रॅनव्हिल आयलंडला जेवलो. सायकल लावताना कुलपात फ्रेम आणि चाक दोन्ही अडकवा. नुसतं चाक बांधलं तर चोर ते सोडून बाकीची सायकल नेतो. परतीला बरार्ड पुलावर स्वतंत्र सायकल लेन आहे. सुरुवातीला थोडा चढ, मग थेट इंग्लिश बेपर्यंत उतार.