जोडचाकांचे किट आणि न जुळणारी भोके

पोलिओमुळे डावा पाय अधू असलेल्या आमच्या काकांच्या गिअरलेस स्कूटरला आज मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना तोल सांभाळणारी दोन जोडचाके बसवून घेतली. किटच्या खोक्यावर याच मॉडेलचे नाव ठळक छापलेले असूनही पट्टी चासीला लावून पाहिली, तेव्हा उजवीकडचे भोक बोटभर पुढे निघाले आणि आडवी नळी थेट सायलेन्सरला टेकली. मिस्त्री कानशीने भोक लांबवून देणार होते; परंतु अशा भोकात नट कितीही आवळला तरी खड्ड्यांच्या धक्क्याने तो सरकतो, म्हणून मी नको म्हटले आणि त्यांनी जाड पट्टी कापून नवा आधार वेल्डिंगने जोडला.

खरी कसोटी उंचीची होती. जोडचाके किंचित खाली राहिली, तर खोलगट जागी इंजिनाच्या जोरावर फिरणारे मधले चाकच अधांतरी राहते. वर राहिली, तर थांबल्यावर गाडी एका अंगाला कलते. काकांना सीटवर बसवूनच माप घ्यावे लागले, कारण वजनाने मागचा शॉकअॅब्सॉर्बर दबतो. किटसोबतच्या कागदावर याचा उल्लेखही नाही (चकचकीत छायाचित्रे मात्र भरपूर!).

वळणावर ही गाडी झुकत नाही, हँडलच वळवावे लागते, त्यामुळे काका सध्या मैदानातच सराव करतील. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे या बदलाची नोंद आरसीवर करून घेण्यासाठी आरटीओत जायचे आहे. विक्रेत्याकडे पैसे परत मागितले आहेत. उत्तराची वाट पाहतो आहे.