डावा कान

बाजाराचा दिवस, ओपीडीला रेटारेटी. त्यात सहावीतला एक पोरगा, सोबत वडील. तक्रार काय, तर डाव्या कानात शिट्टी वाजते, ऐकू कमी येतं. कसं झालं? "पडलो." कान बघायला मी हात वर केला, तसं त्यानं कोपर डोक्यावर घेऊन मान आत ओढली. पडलेली पोरं अशी मान आत घेत नाहीत.

पडद्याला वेडंवाकडं भोक, कडेला वाळलेल्या रक्ताची रेघ. आमच्या कान-नाक-घशाच्या कामात ही खूण ओळखीची. मारणारा बहुतेक वेळा उजखोरा आणि समोर उभा, म्हणून डावा कान. तळवा कानावर सपाट बसला की आतली हवा एकदम दाबली जाते नि पडदा फाटतो. त्यावर आईनं लसणाचं तेल कोमट करून घातलेलं, ते वेगळंच.

मग उजवा कान बघितला. तिथं जुनं भोक, पू. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे नादकाटा, वाजवून कानामागच्या हाडाला टेकवला तर "येतोय" म्हणाला. कानासमोर धरला तर नुसता माझ्याकडे बघत राहिला. म्हणजे हे पोर आजवर डाव्या कानावरच शाळा शिकत होतं.

"सरांनी का मारलं रे?"

"हाका मारल्या म्हणले. मला न्हाई आल्या ऐकू."

वडील घाईनं मध्ये पडले, "डॉक्टर, केस नका करू. त्याच शाळंत जायचंय त्याला. आन् आम्हीबी खाल्लाच की मार." खाल्लाय मीही, पट्टीच्या धारेनं बोटांच्या पेरांवर, आणि तो किस्सा मी आजवर हसत सांगत आलोय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगितलं, शाळेत मारायला बंदी आहे म्हटलं. पथ्य सांगितल्यावर हलवतात तशी त्यांनी मान हलवली. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद मी केलीच. त्यानंतर ते माझ्याशी धड बोलले नाहीत.

फाटलेल्या पडद्याला उपचार म्हणावा तर काही नाही. बहुतेकदा तो आपोआप भरतो. कानात पाणी नको, तेल नको, नाक जोरात शिंकरायचं नाही. शाळेसाठी चिठ्ठी दिली : पुढच्या बाकावर बसवा, डावा कान सरांकडे.

दीड महिन्यानं आला. डावा पडदा भरला होता. उजव्याच्या ऑपरेशनसाठी जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं, "आता कुठं बसतोस?"

"मागं. भिंतीकडंला."

"कुठल्या बाजूला भिंत?"

त्यानं डाव्या कानावर हात ठेवला.