पीएसडी-९५ आणि वाट न सापडणारे उंदीर

बुधवार, रात्र

दिवसभर डोक्यात पीएसडी-९५ हे मेंदूतलं प्रथिन आहे. दोन चेतापेशी जिथे जुळतात त्या सायनॅप्समध्ये जेमतेम २० नॅनोमीटरची फट. एका पेशीतून ग्लुटामेट हे संदेशवाहक रसायन सुटतं, दुसरीच्या पडद्यावरचे रिसेप्टर ते टिपतात. मला ओढ आहे ती त्या पडद्याच्या लगेच खाली असलेल्या प्रथिनांच्या दाट थराची. रिसेप्टरांची शेपटं तिथे धरली जातात, आणि संदेश पुढे नेणारी एन्झाइम्सही तिथेच शेजारी बांधलेली असतात. पीएसडी-९५ त्या थरातलं मुख्य स्कॅफोल्ड, म्हणजे इतर प्रथिनांना धरून ठेवणारं प्रथिन. १९९२ साली कॅलटेकमध्ये मेरी केनेडी यांच्या प्रयोगशाळेनं ते ओळखलं.

आज १९९८ सालचा सेथ ग्रँट यांच्या गटाचा प्रयोग पुन्हा वाचला. त्यांनी उंदरांमधलं हे प्रथिन बिघडवलं. वाटलं असतं, आधार गेला म्हणजे एनएमडीए रिसेप्टर (ग्लुटामेट टिपणाऱ्यांपैकी एक प्रकार) विखुरतील. पण ते जागेवरच होते, त्यांतून वाहणारा प्रवाहही नेहमीसारखाच. एलटीपी, म्हणजे उद्दीपनानंतर सायनॅप्स टिकाऊपणे बळकट होणं, ते तर उलट वाढलेलं! आणि तरीही पोहत शोधायचा, पाण्याखाली लपवलेला चौथरा कुठे आहे, हे त्या उंदरांना नीट शिकता येईना.

मी यातून हे घेते: सायनॅप्स नुसता बळकट होऊन भागत नाही. कुठला बळकट व्हायचा आणि कुठला दुबळा, हा निवाडा हवा. वहीतली प्रत्येक ओळ अधोरेखित केली तर महत्त्वाची कुठली, हे कळणार कसं? रिसेप्टर शाबूत, पण त्याच्यामागची मांडणी मोडलेली. स्कॅफोल्डला नुसता ‘आधार’ म्हणणं म्हणूनच मला अपुरं वाटतं.

मग शँक३ आठवलं. याच थरात खोलवर बसणारं प्रथिन. त्याचा जनुक बिघडला की काही मुलांत ऑटिझम दिसतो. एमआयटीत गुओपिंग फेंग यांच्या गटानं २०१६ साली प्रौढ उंदरांत हा जनुक पुन्हा सुरू केला. स्वतःला सतत चाटत राहणं कमी झालं, इतर उंदरांशी मिसळणंही सुधारलं. मोठा झालेला मेंदूही ही जुळणी काही अंशी नव्यानं करू शकतो, याचा मला फार आनंद होतो. उंदरांवरून मुलांबद्दल आश्वासनं मात्र देऊ नयेत. आईबाप अशी प्रत्येक बातमी जीव मुठीत धरून वाचतात. शिवाय भित्रेपणा आणि हालचालींतला अडखळलेपणा प्रौढ उंदरांत तसाच राहिला. जनुक लहानपणीच सुरू केला तेव्हा त्यांतही सुधारणा दिसली. सुधारणा होऊ शकण्याची ती मुदत नेमकी कशानं संपते, हे उद्यापासून वाचायचं आहे.