खर्च कोणाच्या नावे?

निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात, नातवंडं सांभाळतात. तुम्ही दोनशे वर्षांपूर्वीच्या साहेबांची प्रवासबिलं काय वाचत बसता? हे मला भाचीनं विचारलं, सोसायटीतल्या काकांनी विचारलं, परवा एका कार्यक्रमानंतर चहा घेताना एका तरुण शिक्षकांनीही विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

मी सरकारी लेखा खात्यात बत्तीस वर्षं काढली. नोकरीच्या सुरुवातीला एका कार्यालयाच्या तपासणीत डिझेलची बिलं हाती आली. पावत्या होत्या, सह्या होत्या, बेरीज चोख होती. लेखाशीर्ष, म्हणजे खर्च ज्या नावाखाली लिहितात ते, पाहिलं आणि थांबले. खर्च पाण्याच्या टँकरच्या नावे टाकला होता. तालुका दुष्काळी, आणि साहेबांची गाडी टँकरच्या पैशावर फिरली होती. मी आक्षेप काढला. उत्तर आलं, दौरा शासकीय कामाचाच होता, सबब खर्च योग्य. दौरा कामाचा होता हे मलाही मान्य होतं. तेव्हापासून कुठलाही कागद आला की मी रकमेआधी लेखाशीर्ष बघते.

कंपनी सरकारचे कागद मी त्याच नजरेनं वाचायला घेतले आणि पहिलाच माणूस भेटला तो आपल्या ओळखीचा. महाबळेश्वरची मालकम पेठ ज्याच्या नावाची, तो जॉन माल्कम. गव्हर्नर जनरल वेलस्लीनं त्याला इराणच्या शहाकडे वकील, म्हणजे राजदूत, म्हणून पाठवलं. डिसेंबर १७९९ मध्ये तो मुंबईहून निघाला आणि तेहरानला पोचला नोव्हेंबर १८०० मध्ये. जवळजवळ अकरा महिने. बरेच दिवस गेले ते मानपानात: कोणी कोणाला कुठपर्यंत सामोरं यायचं, पत्रात कोणता किताब लिहायचा. आणि शेकडो माणसांचा लवाजमा थांबला तरी त्याचा दाणापाणी थांबत नाही. वर नजराणे होते, घड्याळं, पिस्तुलं, आरसे. जानेवारी १८०१ मध्ये तह झाले खरे, पण कंपनीच्या लंडनमधल्या संचालकांनी आकडे पाहून कपाळाला हात लावला. माल्कमचं म्हणणं सरळ होतं: इराणी दरबारात जो हात राखून खर्च करतो त्याला कोणी वकील मानत नाही, तिथे थाट हाच कामाचा भाग. मला हे म्हणणं खोटं वाटत नाही. आपल्या पेशव्यांच्या दफ्तरांतही वकिलांच्या पोशाखाचे, नजराण्यांचे खर्च असेच पडलेले आहेत. फक्त माल्कमला मंजुरी नेहमी मागाहून लागायची. आमच्या खात्यात त्याला कार्योत्तर मंजुरी म्हणतात. आधी करून टाकायचं, मग वरच्याला दुसरा मार्ग उरत नाही.

या तहानंतर शहाचा वकील हाजी खलील खान मुंबईला आला. जुलै १८०२ मध्ये त्याचे नोकर आणि पहाऱ्यावरचे शिपाई यांच्यात मारामारी झाली, ती सोडवायला तो स्वतः बाहेर आला आणि गोळी लागून मेला. कंपनी हादरली. जाहीर शोक पाळला गेला आणि त्याच्या माणसांना सढळ हातानं नेमणुका, म्हणजे पेन्शनी, दिल्या गेल्या. या दराने पैसे मिळणार असतील तर इंग्रजांनी खुशाल आणखी दहा वकील मारावेत, असं शिराझमध्ये बोललं जाई, अशी नोंद आहे. ती वाचून मी बराच वेळ पुढे गेले नाही. एका माणसाचा जीव गेला होता आणि दोन्ही बाजूंनी त्याचा दर निघाला होता.

पण मला सगळ्यात जास्त काळ धरून ठेवलं ते १८०८ नंतरच्या भांडणानं. लंडनच्या सरकारनं इंग्लंडच्या राजाचा वकील म्हणून सर हारफर्ड जोन्सला इराणला पाठवलं. त्याच सुमारास कलकत्त्याहून गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटोनं माल्कमला पाठवलं. म्हणजे एका दरबाराकडे एकाच देशाचे दोन वकील. माल्कमला बुशहर या इराणी बंदराच्या पुढे जाऊ दिलं नाही आणि तो परतला. जोन्स पुढे गेला, त्यानं मार्च १८०९ मध्ये तह केला आणि शहाला सालाना पैसा कबूल केला. आता हा पैसा आणि वकिलातीचा खर्च यायचा कुठून? जोन्सनं हिंदुस्थानच्या सरकारवर हुंड्या, म्हणजे तिथल्या तिजोरीतून पैसे द्यावेत अशा चिठ्ठ्या, लिहिल्या. मिंटोनं हुकूम सोडला, हुंड्या सकारू नका, त्यांवर पैसे देऊ नका.

हुंडी परत येणं म्हणजे काय, हे आपल्या बाजारात कोणाला सांगायला नको. परमुलखात, शहाच्या दरबारात उभ्या असलेल्या वकिलाची पतच मिंटोनं काढून घेतली. मिंटोचा मुद्दा असा, की जो माझ्या हुकमातला नाही त्यानं माझ्या तिजोरीवर लिहायचं नाही. जोन्सचा मुद्दा असा, की मी राजाचा माणूस, आणि तह हिंदुस्थानच्या रक्षणासाठीच केला. शेवटी कलकत्त्यानं तह मान्य केला, जोन्सला मान्य केलं नाही, आणि १८१० मध्ये पुन्हा माल्कमलाच इराणला धाडलं. (त्या खेपेला त्यानं तिकडे बटाटा नेला असं सांगतात, इराणात त्याला माल्कमचं आलू म्हणत.) लंडननं तोवर तिसराच वकील नेमला होता, सर गोर औसली. हा सगळा पत्रव्यवहार शब्दाला शब्द घासणारा, चिडलेला आहे. अधिकार कोणाचा, मान कोणाचा, हुंडी कोणी सकारायची, सगळं त्यात येतं. तिजोरी भरणारी माणसं कोण, हे मात्र मिंटो आणि जोन्स या दोघांपैकी एकालाही लिहावंसं वाटलेलं नाही. जोन्सच्या हुंडीमागे बंगालचा शेतसारा होता आणि मिंटोच्या नकारामागेही तोच.

दुसऱ्या बाजीरावांची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जून १८१८ मध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि माल्कमनं सालाना आठ लाख रुपये कबूल करून टाकले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला हा आकडा फार वाटला, पण शब्द गेला होता. पुन्हा कार्योत्तर मंजुरी. बाजीराव १८५१ पर्यंत जगले. तेहेतीस वर्षांची बेरीज अडीच कोटींच्या वर जाते. ते गेल्यावर कंपनीनं नानासाहेबांना ती नेमणूक नाकारली आणि पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे.

आता डाक. हाच माल्कम मुंबईचा गव्हर्नर असताना वाडियांच्या गोदीत ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट बांधली गेली, ४११ टनांची. २० मार्च १८३० रोजी ती डाक घेऊन मुंबईहून सुएझला निघाली. तिची रचना साडेपाच दिवसांच्या कोळशाची, आणि एडनपर्यंत जायचं तर अकरा दिवसांचा कोळसा हवा. मग माणसं राहायची त्या खोल्यांतही कोळसा भरला. बोट इतकी खोल बसली की मागचा भाग पाण्याला टेकला. एडनला पोचली तेव्हा कोळसा संपतच आला होता. वाटेत कोळशाचे साठे आधीच करून ठेवले होते, तरी तो चढवण्यातच सुमारे बारा दिवस गेले. सगळे मिळून तेहेतीसएक दिवसांत सुएझ. आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वळसा घालून जाणाऱ्या पत्राला चार-पाच महिने लागायचे तो काळ. मुंबईचे व्यापारी हरखून गेले.

संचालकांनी हिशेब मागवला आणि परवानगीशिवाय पुन्हा बोट सोडू नका असं कळवलं. डाकेचं उत्पन्न कोळशाच्या खर्चाच्या पासंगालाही पुरत नव्हतं, हे त्यांचं म्हणणं आकड्यांत बरोबरच होतं. तरी मुंबईकरांनी हट्ट सोडला नाही आणि बोट जात राहिली. मला इथे मुंबईकरांचं कौतुक वाटतं, हे लपवत नाही. शेवटी प्रकरण पार्लमेंटपुढे गेलं. १८३४ च्या समितीनं तांबड्या समुद्राचा मार्ग उचलून धरला आणि खर्च ब्रिटिश सरकार व कंपनी यांनी निम्मा निम्मा सोसावा असं सुचवलं.

निम्मा निम्मा हे ऐकायला फार न्यायाचं वाटतं. पण १८३३ च्या सनदेनं कंपनीचा व्यापार बंद झाला होता. तिच्या भागधारकांचा साडेदहा टक्के लाभांशसुद्धा हिंदुस्थानच्या महसुलातून जात होता. मग कंपनीचा निम्मा वाटा म्हणजे कोणाचा? लंडनच्या पेढीला पत्र लवकर पोचावं म्हणून इथल्या रयतेनं सारा भरायचा. हेच माझं टँकरचं डिझेल.

पुढे कंपनी गेली, राणीचं राज्य आलं, लेखाशीर्ष तेच राहिलं. तेहरानची वकिलात कधी लंडनच्या हाताखाली, कधी हिंदुस्थानच्या. १८५९ मध्ये ती इंडिया ऑफिसकडे, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या लंडनमधल्या खात्याकडे, आली म्हणून हेन्री रॉलिन्सन वकील होऊन गेला, वर्षभरात ती परराष्ट्र खात्याकडे फिरवली म्हणून त्यानं राजीनामा दिला. वकिलात कोणाचीही असो, हिंदुस्थानचा हप्ता सुटला नाही. १८६७ मध्ये तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला. त्याच्यासाठी इंडिया ऑफिसात नाचाची मोठी मेजवानी झाली आणि ती हिंदुस्थानच्या नावे टाकली गेली. हेन्री फॉसेट या खासदारानं त्यावर पार्लमेंटमध्ये आवाज उठवला. आधीच्या वर्षी ओरिसात दुष्काळानं लाखो माणसं मेली होती.

म्हणून हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा १८९५ चा वेल्बी आयोग मला इतका महत्त्वाचा वाटतो. ब्रिटिश आणि हिंदुस्थान या दोन्ही सरकारांना ज्यात रस आहे अशा कामांचा खर्च कसा वाटावा, हा त्याच्या कामाचा भागच होता. दादाभाई नौरोजी आयोगाचे सदस्य होते. एप्रिल १८९७ मध्ये पुण्याच्या डेक्कन सभेतर्फे गोपाळ कृष्ण गोखले साक्षीला उभे राहिले. वय तीसच्या आसपास, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक. रानड्यांनी आणि गणेश व्यंकटेश जोश्यांनी तयारी करून घेतलेली. येताना फ्रान्समधल्या कॅले स्टेशनात पडून छातीला मार बसलेला. मुंबई इलाख्यात तेव्हा दुष्काळ आणि प्लेग दोन्ही होते.

त्या प्रश्नोत्तरांत मला मिंटो आणि जोन्सच्या पत्रांत न सापडलेला माणूस सापडतो. पैसे ज्याच्या नावे पडतात त्याला या खर्चावर बोलायचा कसलाही अधिकार नाही, हे गोखले आकडे देऊन सांगतात. समोरचे अनुभवी अधिकारी उलटसुलट विचारतात आणि ते पुन्हा आकड्यांवर येतात. १९०० मध्ये अहवाल आला. बहुमतानं हिंदुस्थानचा थोडा भार उतरवला. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघा सदस्यांनी वेगळं मत लिहिलं.

भाचीला मी परवा त्या साक्षीची काही पानं वाचून दाखवली. तिनं मध्येच विचारलं, “मावशी, तुझ्या त्या टँकरच्या आक्षेपाचं शेवटी काय झालं गं?” वसुली झाली, मी म्हटलं. चार वर्षांनी.