आमचं गाव बेचिराग आहे

आमचं गाव नेमकं कुठलं, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सातबारावर आमच्या गावाचं नाव एक, आम्ही राहतो दुसऱ्याच गावात. आणि सातबारावरचं गाव पाहायला जावं, तर तिथं एक घर नाही. "मग हे गाव हाय तरी कुठी?" पाहुणे विचारतात. सोयरिकीला आलेले जरा संशयानंच विचारतात. पीककर्जाच्या वेळी टेबलामागच्या साहेबांनी यादीच दाखवली : लोकसंख्या शून्य. "भाऊ, इथं माणूस नाही तर पऱ्हाटी कोण पेरते?" पऱ्हाटी म्हणजे आमची कपाशी. त्यात माझ्या दोन चकरा गेल्या.

ते गाव म्हणजे रीठ. आमच्या वऱ्हाडात उठून गेलेल्या गावाच्या जागेला रीठ म्हणतात. जुनी माणसं गावाचे दोन भाग करत : काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे वस्ती. चुलीची राख, पडक्या भिंतींची माती, शेणपोतेरं साचून साचून वस्तीची जागा पांढुरकी होते. पांढरी उठली आणि काळी तेवढी राहिली, की झालं रीठ. आमच्या रिठावर वखर घातला की खापरं वर येतात. एकदा जात्याची अर्धी तळी निघाली, ती अजून आमच्या उंबऱ्याशी पडलेली आहे. उन्हाळ्यात लोक बैलबंड्या घेऊन येतात आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छपरावर, टाकायला पांढरी माती नेतात. रिठाचं टेकाड त्यातच निम्मं झालं. वर्धेजवळ पवनारला १९६७ साली नागपूर विद्यापीठानं खोदकाम केलं, तेही जुन्या वस्तीचंच. आमच्याकडे खणायला कोणी येईल असं वाटत नाही, धाबेवालेच सगळं नेतील.

गाव का उठलं? कोणी पेंढाऱ्यांचं नाव घेतं, कोणी महामारीचं. आजी म्हणायची, गोड्या पाण्याची एकच विहीर होती, ती ढासळली. जिथं जमिनीत खारंच पाणी लागतं, त्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला आजीचं म्हणणं पटतं.

महसुली भाषेत अशा गावाला 'बेचिराग' म्हणतात. चिराग म्हणजे दिवा, 'बे' म्हणजे विना, फारसी शब्द. जिथं रात्री दिवा लागत नाही ते गाव. आता आपण 'बेचिराख' लिहितो आणि डोळ्यांपुढे जळालेलं गाव येतं, कारण मराठी कानाला त्यात राख ऐकू आली. आमच्या गावाला आग लागल्याचं कोणी सांगत नाही, दिवे तेवढे गेले. 'मौजा' हा शब्द अरबी, अर्थ नुसता जागा. जागेला माणूस लागत नाही, म्हणून मौजा कागदावर अजून तसाच आहे आणि शेतसाराही त्याच नावानं भरतो.

कधी आलात तर गाव विचारू नका, रिठाचा मारुती विचारा. देऊळ नाही, बाभळीखाली शेंदूर फासलेला दगड आहे. त्याच्या मागचा तिसरा धुरा, म्हणजे शेताचा बांध, आमचा.