परत न येणारं पाणी: लास व्हेगासचा हिशेब

लास व्हेगासमध्ये कोणी तासभर शॉवरखाली उभं राहिलं तरी शहराच्या पाण्याच्या खात्यातून जवळजवळ काहीच वजा होत नाही. तेच दारापुढच्या हिरवळीवर दहा मिनिटं फवारा सोडला, की गेलेला थेंब कायमचा गेला. या शहराची पाण्याची सगळी उद्दिष्टं या एका फरकावर उभी आहेत. आपल्याकडे ‘दरडोई किती लिटर’ एवढाच प्रश्न विचारायची सवय असल्यामुळे हा फरक पटकन लक्षात येत नाही.

वर्षाकाठी पाऊस जेमतेम 105 मिलिमीटर. म्हणजे माणदेशालाही सुकाळी म्हणावं लागेल. सुमारे 90 टक्के पाणी कोलोराडो नदीचं, हूवर धरणाच्या मागच्या लेक मीड जलाशयातून उचललेलं. नदीच्या वाटपात नेवाडा राज्याला 1928 च्या कायद्यानं वर्षाला 3 लाख एकर-फूट पाणी मिळालं. हे एकर-फूट प्रकरण (एक एकरावर फूटभर उभं राहील इतकं पाणी) आपल्या सवयीचं नाही, त्यामुळे टीएमसीत सांगायचं तर साधारण 13 टीएमसी. पुण्याच्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता मिळून 29 टीएमसी आहे, म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. कॅलिफोर्नियाला 44 लाख एकर-फूट आणि नेवाडाला 3 लाख, कारण 1920 च्या दशकात इथे माणसंच नव्हती. आज लास व्हेगासच्या खोऱ्यात 23 लाखांच्या वर लोक राहतात आणि वर्षाला सुमारे 4 कोटी पर्यटक येऊन जातात.

तरी भागतं, ते परतीच्या जमेमुळे. घरातलं, हॉटेलातलं, रुग्णालयातलं जे पाणी गटारात जातं ते शुद्ध करून लास व्हेगास वॉश नावाच्या ओढ्यातून पुन्हा लेक मीडमध्ये सोडतात. जितकं परत जाईल तितकं हिश्शाच्या वर पुन्हा उचलता येतं. इमारतींच्या आत वापरलेल्या पाण्यापैकी जवळपास 99 टक्के असं फिरून येतं. म्हणून खात्यात खर्च धरतात तो फक्त न परतणाऱ्या पाण्याचा: बागेतून उडालेलं, मोठ्या इमारती थंड ठेवणाऱ्या कूलिंग टॉवरमधून वाफ झालेलं, तरणतलावावरून आटलेलं. शॉवरची बचत इथे निरुपयोगी आहे असं मात्र नाही. जलाशय शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे. एक घनमीटर पाणी 300 मीटर चढवायला हिशेबानंच 0.8 युनिट वीज लागते, आणि पंपाचे तोटे धरले की ती एक युनिटच्या वर जाते. म्हणजे घरातल्या बचतीनं वीज वाचते, पाण्याचा हिस्सा वाढत नाही. ही दोन उद्दिष्टं एकाच तक्त्यात एकत्र केली की लोकांकडून चुकीच्या जागी काटकसर करवून घेतली जाते.

मोजमाप बदललं तर उद्दिष्टाचा अर्थच कसा बदलतो, हे इथल्या आकड्यांत दिसतं. दक्षिण नेवाडा जल प्राधिकरण 1991 मध्ये सात संस्थांनी मिळून स्थापन केलं. त्यांनी 2009 च्या आराखड्यात 2035 साठी दरडोई रोज 199 गॅलनचं लक्ष्य ठेवलं होतं, पण ते एकूण वापरावर होतं. पुढे परत गेलेलं पाणी वजा करून मोजायला सुरुवात झाली. त्या मापात लक्ष्य आधी 105 आणि मग 86 गॅलन झालं, म्हणजे रोज माणशी साधारण 325 लिटर. हा आकडा आपल्या शहरांच्या 135 लिटरच्या मानकाशेजारी ठेवून नाकं मुरडू नयेत. 135 हे घरगुती पुरवठ्याचं मानक आहे. 325 मध्ये हॉटेलं, कॅसिनो, गोल्फची मैदानं, रस्त्याकडेची झाडं सगळं धरलेलं असतं आणि भागाकार मात्र फक्त कायमच्या रहिवाशांच्या संख्येनं केलेला असतो. पर्यटक अंशात आहेत, छेदात नाहीत.

दुसरी गफलत हवामानाची. 2022 मध्ये निव्वळ वापर सुमारे 2 लाख 24 हजार एकर-फूट होता, 2023 मध्ये तो 1 लाख 90 हजारांच्याही खाली आला. त्यातला मोठा वाटा त्या वर्षीच्या ओल्या, सौम्य हवेचा होता. एका चांगल्या वर्षावरून पाठ थोपटून घेतली की पुढच्या कोरड्या उन्हाळ्यात पंचाईत होते. दीर्घकाळाचा कल मात्र खरा आहे: 2002 नंतर साडेसात लाखांवर माणसं वाढली आणि नदीतून होणारा निव्वळ वापर खाली आला.

हे झालं मुख्यतः हिरवळ काढून. इथल्या अभ्यासानुसार एक चौरस फूट हिरवळीला वर्षाला 73 गॅलन, म्हणजे 276 लिटर पाणी लागतं. त्याच जागेत वाळवंटी झाडं आणि ठिबक केलं तर सुमारे 65 लिटर. हजार चौरस फुटांमागे वर्षाला 2 लाख लिटरांहून थोडी जास्त बचत. त्यासाठी प्राधिकरण हिरवळ काढणाऱ्याला अनुदान देतं. बरीच वर्षं हा दर पहिल्या 10,000 चौरस फुटांपर्यंत दर चौरस फुटाला 3 डॉलर राहिला, आणि आजवर 20 कोटी चौरस फुटांहून अधिक हिरवळ निघाली आहे.

अनुदानाची पहिली अट अशी की आधी अर्ज, मग पाहणी, आणि त्यानंतरच फावडं. उत्साहानं आधीच हिरवळ उपटली की पैसे गेले. हिरवळ जिवंत असावी लागते, कारण वाळून गेलेल्या गवताचं पाणी आधीच वाचलेलं असतं. नव्या बागेतली झाडं पूर्ण वाढल्यावर त्यांनी किमान निम्मी जमीन झाकली पाहिजे. ही अट फार शहाणपणाची आहे. ती नसती तर सगळ्यांनी खडी पसरून पैसे घेतले असते आणि अंगणाचा तवा झाला असता. वर खडी किंवा लाकडाच्या ढलप्या चालतात, पण खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरता येत नाही. हवा-पाणी खाली गेलं पाहिजे.

ठिबक जळगाव-सांगलीच्या शेतकऱ्याला शिकवायला नको, पण घरगुती बागेत होणाऱ्या चुका वेगळ्या असतात. जुन्या फवाऱ्याच्या व्हॉल्व्हलाच ठिबकची नळी जोडली जाते आणि दाब कमी करणारा रेग्युलेटर राहून जातो. ठिबकला 25 ते 30 पीएसआय दाब पुरतो, शहराच्या लाइनला त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो. मग ड्रिपर (नळीवरची थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) उडून जातात आणि खडीखाली कारंजं चालू राहतं. वरून काहीच दिसत नाही, महिन्याच्या बिलात दिसतं. रेग्युलेटरच्या आधी गाळणी हवीच, आणि ती वर्षातून दोनदा तरी उघडून धुवावी. इथलं पाणी कठीण आहे, कठीणपणा लिटरला 280 मिलिग्रॅमच्या आसपास. लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर बसवलेल्या नळीच्या, शेवटची बुचं काढून नळी धुतली नाही तर दोन-तीन उन्हाळ्यांत ड्रिपर पांढरे होऊन बंद पडतात, आणि माळी सरसकट पाण्याची वेळ वाढवून मोकळा होतो.

टायमरचीही गोष्ट तीच. हिरवळीला चार-चार मिनिटांच्या तीन पाळ्या द्यायची पद्धत आहे, पाणी वाहून जाऊ नये म्हणून पाळ्यांमध्ये तासाभराचं अंतर ठेवून. ठिबकला उलट हवं: दिवस कमी, वेळ जास्त, पाणी दोन फूट खोल जाईपर्यंत. बाग बदलली आणि टायमर तोच राहिला, तर झाडाला रोज चार मिनिटं चाटायला पाणी मिळतं. मुळं वरच राहतात, जुलैमध्ये झाड मरतं आणि दोष वाळवंटी झाडांवर येतो. लावण्याआधी खड्डा पाण्यानं भरून ठेवावा. काही तासांत ते मुरलं नाही तर खाली चुन्याचा घट्ट थर आहे, तो पहारीनं फोडल्याशिवाय मेस्किटसारखं चिवट वाळवंटी झाडसुद्धा जगत नाही. आणि झाड वाढलं की ड्रिपर खोडापासून दूर, पानांच्या घेराखाली सरकवायचे असतात. ते कोणी सरकवत नाही.

मोठी किंमत मोजावी लागते ती जुन्या झाडांना. हिरवळीत उभं असलेलं तीस वर्षांचं झाड हिरवळीच्याच पाण्यावर जगत असतं. फवारे बंद केले आणि झाडाभोवती ठिबकची वेगळी रिंग दिली नाही तर एक-दोन उन्हाळ्यांत ते जातं. शहराच्या 2050 च्या आराखड्यात 60,000 झाडं लावायचं उद्दिष्ट आहे, आणि त्याच वेळी फवारे बंद करायची सक्तीही. 7 जुलै 2024 रोजी इथे 48.9 अंश सेल्सिअसचा उच्चांक नोंदला गेला. अशा गावात सावलीचं झाड ही चैन नाही. त्यामुळे हिरवळ काढण्याच्या कामात झाडांची नवी लाइन आधी चालू करून मगच फवारे बंद करावेत, हा क्रम उलटता कामा नये. लावलेली झाडं मोजण्यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जगलेली मोजावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हिरवळीखालोखाल पाणी खातात ते बाष्पीभवनावर चालणारे कूलर आणि कूलिंग टॉवर. नागपूर-अकोल्याचा वाळ्याचा कूलर तत्त्वानं तोच. सप्टेंबर 2023 पासून इथल्या नव्या व्यापारी व औद्योगिक इमारतींना पाण्यावर चालणारी थंडाव्याची यंत्रणा बसवता येत नाही. याचा हिशेब दोन्ही बाजूंनी करावा लागतो, कारण कोरड्या यंत्रणेला भर उन्हाळ्यात जास्त वीज लागते आणि तीही नेमकी संध्याकाळच्या टंचाईच्या तासांत. शहरानं पाण्याच्या बाजूनं कौल दिला. वीज बाहेरून आणता येते, नदीचा हिस्सा वाढवता येत नाही.

धाकदपटशाही आहे, आणि तो नीट विचारानं बांधलेला आहे. हिवाळ्यात बागेला आठवड्यातून एकदा पाणी, वसंतात आणि शरदात तीनदा, उन्हाळ्यात सहादा. रविवारी कधीच नाही. उन्हाळ्यात सकाळी 11 ते संध्याकाळी 7 फवारे बंद. पाणी रस्त्यावर वाहिलं तर दंड 80 डॉलरपासून, आणि पुन्हा सापडलं की दुप्पट. शहरातल्या मोठ्या पाणीपुरवठा संस्थेनं 2023 पासून उन्हाळ्यात महिन्याला 28,000 गॅलनच्या, म्हणजे लाखभर लिटरांच्या वरच्या वापरावर हजार गॅलनमागे 9 डॉलर जादा लावले. ही रेघ मुद्दाम उंच ठेवलेली आहे. सामान्य घराला ती लागत नाही, मोठ्या बंगल्यांना लागते. त्यामुळे विरोध करणारे थोडे राहिले, जरी त्यांचे वकील चांगले असले तरी.

राज्याचा 2021 चा कायदा आणखी पुढे गेला: 1 जानेवारी 2027 पासून नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोराडोचं पाणी द्यायचं नाही. रस्त्याचे दुभाजक, ऑफिसांच्या कडा, सोसायट्यांच्या प्रवेशद्वाराजवळचे पट्टे मिळून सुमारे 3,900 एकर, आणि वर्षाला साडेनऊ अब्ज गॅलन, म्हणजे सव्वा टीएमसी पाणी. स्वतंत्र घरांची अंगणं यातून वगळली आहेत. भांडण आहे ते ‘शोभेची’ या शब्दावर. खेळायची हिरवळ चालते, पण ती सलग किमान 1,500 चौरस फूट आणि रस्त्यापासून 10 फूट लांब हवी. त्यामुळे दोन कुत्री फिरतात म्हणून 1,200 चौरस फुटांचा पट्टा वाचवू पाहणाऱ्या सोसायटीला वार्षिक सभेत टेप घेऊन बसावं लागतं, आणि मापात न बसणारा पट्टा काढायला तीन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: अनुदानाचा अर्ज, झाडांची नवी लाइन आणि खड्डे खणायला ऑक्टोबरनंतरची तारीख, कारण भर उन्हाळ्यात लावलेलं रोप फारसं टिकत नाही.