कसब आहे, गिऱ्हाईक कुठे आहे?

युगांडात राहते म्हटलं की घरून आणि मित्रमंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. तिकडे निर्वासितांच्या छावण्या आहेत ना? तंबू, काटेरी तारा, धान्यासाठी रांगा? मी कंपालात एका लहानशा संस्थेचे हिशेब बघते आणि निर्वासितांच्या बचत गटांना वह्या कशा ठेवायच्या ते शिकवते. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर एकदा नीट लिहायचं असं बरेच दिवस मनात होतं.

पहिली गोष्ट म्हणजे इथे तारा नाहीत. आफ्रिकेत सगळ्यात जास्त निर्वासित युगांडात आहेत, १७ लाखांहून जास्त. त्यातले बहुतेक दक्षिण सुदान आणि कोंगोमधून आलेले. सोमालिया, सुदान, बुरुंडी, रवांडा, इरिट्रिया इथलेही आहेत. २००६ च्या कायद्याने त्यांना काम करण्याचा, धंदा करण्याचा आणि देशात फिरण्याचा हक्क दिला आहे. शेजारच्या केनियात दादाब आणि काकुमाच्या छावण्यांमधून बाहेर पडायला वर्षानुवर्षं परवानगी लागत आली. इथे मात्र माणूस निर्वासितांच्या वसाहतीतून बस धरून कंपालाला येऊ शकतो, दुकान टाकू शकतो. नाकिवाले ही तंझानियाच्या सीमेजवळची वसाहत १९५८ पासून आहे. तिथे बाजार आहे, गिरण्या आहेत, मोबाईल दुरुस्तीची दुकानं आहेत, शाळा आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते कुठल्याही तालुक्याच्या गावासारखंच वाटेल.

युगांडा एवढा उदार का, याची कारणं अनेक आहेत आणि त्यात देणगीदार देशांचा पैसाही आहे. पण एक कारण मी दक्षिण सुदानच्या सीमेलगतच्या युम्बे जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकलंय. त्याच्या जमिनीचा तुकडा दक्षिण सुदानचं एक कुटुंब कसतं. मी विचारलं, दिलात कसा? तो म्हणाला, "अमीन गेल्यावर आम्ही पळून सुदानात गेलो होतो. तेव्हा त्यांनी आम्हाला जागा दिली." १९७९ मध्ये हुकूमशहा इदी अमीनची सत्ता गेल्यावर युम्बे ज्यात येतो त्या वेस्ट नाईल भागातले लाखभरांहून जास्त लोक सीमेपलीकडे गेले होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातीगोती आहेत, काही भाषाही एकच आहेत. आणि आपल्या लोकांनाही हा अनुभव काही परका नाही. १९७२ मध्ये याच अमीनने इथल्या आशियाई, म्हणजे बहुतेक भारतीय वंशाच्या, लोकांना ९० दिवसांत देश सोडायला सांगितलं. चालती दुकानं आणि कारखाने मागे टाकून ते निघाले. त्यातले काही पुढे परत आले. कंपालातल्या काही जुन्या दुकानांत अजून अशी माणसं भेटतात. सगळं सोडून आल्यावर दुसऱ्या देशात पहिला गल्ला कसा उभा करावा लागतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज नाही.

तर हक्क आहे, जागा आहे. मग अडतं कुठे?

शेतीपासून सुरू करते, कारण युगांडाचं सगळं गणित शेतीवर मांडलेलं होतं. १९९९ मध्ये सरकार आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने मिळून स्वावलंबनाचं धोरण आणलं. निर्वासिताला जमीन द्यायची, तो पिकवेल, हळूहळू शिधा कमी करता येईल. माणसं कमी आणि जमीन जास्त होती तोवर त्यात तथ्य होतं. पण २०१६ च्या ऑगस्टमध्ये युम्बे जिल्ह्यात बिडी बिडी वसाहत उघडली आणि काही महिन्यांत तिथे अडीच लाखांहून जास्त माणसं आली. एका कुटुंबाला मिळाला ३० मीटर बाय ३० मीटरचा तुकडा, म्हणजे जेमतेम नऊ गुंठे. त्यात झोपडी, स्वयंपाकाची जागा, शौचालय आणि उरलेल्यात भाजी. जमीनही बऱ्याच ठिकाणी खडकाळ. घरात सात-आठ तोंडं असताना नऊ गुंठ्यांवर कोण स्वावलंबी होणार? ज्यांना जमतंय ते स्थानिक शेतकऱ्याकडून जमीन खंडाने घेतात, तीळ किंवा मका लावतात आणि पिकाचा वाटा देतात. मेहनती माणसाला त्यातून थोडंफार सुटतं. पण पाऊस लांबला की खंडही अंगावर आणि बियाणाचं कर्जही अंगावर.

दुसरा मार्ग प्रशिक्षणाचा. याबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. शिवणकाम, केस विणणं, साबण करणं, बेकरी. एका संस्थेचा वर्ग संपला की दुसरीचा सुरू. वसाहतीत अशी बाई भेटते जिच्याकडे तीन प्रमाणपत्रं असतात, पण शिलाई मशीन नसतं. मशीन असलं तर कापडाला पैसे नसतात. आणि कापडही असलं तर त्याच बाजारात तिच्यासारख्या वीसजणी बसलेल्या असतात आणि गिऱ्हाईक तेच, ज्यांच्या हातात पैसा नाही. माणसांना काम येत नाही म्हणून ती गरीब आहेत, असं धरून आपण वर्ग काढत राहतो. पण ही माणसं काही कोरी पाटी घेऊन आलेली नाहीत. कुणी पूर्व कोंगोतल्या गोमा शहरात व्यापारी होता, कुणी शिक्षक, कुणी गवंडी. कंपालात मला कोंगोतली एक नर्स भेटली. मोठ्या रुग्णालयात अनेक वर्षं बाळंतपणं केलेली. तिचं शिक्षण फ्रेंचमध्ये आणि प्रमाणपत्रही फ्रेंचमध्ये. त्याला इथे मान्यता मिळवायची तर भाषांतर, समकक्षता, फी, नोंदणी. सध्या ती लोकांचे कपडे धुते. तिला आणखी एका वर्गाची गरज नाही. तिचा तो कागद कुणीतरी पुढे सरकवायची गरज आहे.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये युगांडातल्या निर्वासितांच्या आर्थिक व्यवहारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपालातल्या ज्या निर्वासितांना त्यांनी विचारलं, त्यातले २१ टक्के असा धंदा चालवत होते ज्यात किमान एक माणूस कामाला होता. आणि या कामावरच्या माणसांपैकी ४० टक्के युगांडाचे नागरिक होते. हा आकडा मी जमेल तिथे सांगते. निर्वासित आपल्या नोकऱ्या खातात असं म्हणणाऱ्याला तर आवर्जून.

आता माझ्या रोजच्या कामातली, मला सगळ्यात जवळची गोष्ट, पेटी. गावपातळीवरच्या बचत गटांची ही पद्धत १९९१ मध्ये केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने नायजरमधल्या बायकांबरोबर सुरू केली आणि आता ती आफ्रिकाभर पसरली आहे. पत्र्याची पेटी, तिला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या घरांत. आठवड्याला बैठक. नाकिवालेतल्या एका गटात मी जाते, तिथे पंचवीसेक जण आहेत. बहुतेक बायका, काही कोंगोच्या, काही बुरुंडीच्या, आणि चार जवळच्या गावातल्या युगांडाच्या. एकेक जण नंबराने उठते, प्लास्टिकच्या भांड्यात पैसे टाकते, दोघी मोजणाऱ्या मोठ्याने मोजतात. बचतीचे जितके भाग (ठरलेल्या रकमेचे हिस्से) घेतले तितके शिक्के तिच्या छोट्या वहीत उमटतात. एका बैठकीला एक ते पाच भाग घेता येतात. लिहिता-वाचता न येणारीलाही शिक्के मोजता येतात, म्हणून तिचा हिशेब कुणी चुकवू शकत नाही. पेटी बंद करण्याआधी शिल्लक मोठ्याने सांगतात आणि सगळ्यांनी ती पाठ करायची. पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी अध्यक्ष कुणालाही विचारते, गेल्या वेळी किती होते? आणि बरोबर आकडा येतो. मी वही घेऊन बसलेली असते, पण माझी वही त्यांच्या पाठांतरावर तपासून घ्यावी लागते.

या पेटीतून आपल्या बचतीच्या तिप्पट कर्ज घेता येतं. वर्षअखेरीला सगळं मोडून वाटून घ्यायचं आणि नव्याने सुरू करायचं. बँकेचं कर्ज मिळणं निर्वासिताला फार अवघड, कारण दिलेली जमीन त्याच्या मालकीची नसते, तारण काय ठेवणार? आता थोडं बदलतंय. युगाफोडे नावाच्या सूक्ष्म-वित्त संस्थेने २०२० मध्ये नाकिवालेतच शाखा उघडली. निर्वासिताच्या कागदावर सिमकार्ड मिळू लागल्यापासून मोबाईल मनीचं, म्हणजे फोनवरून पैसे घेण्या-देण्याचं खातंही स्वतःच्या नावावर होतं. आधी ते दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर असायचं आणि पैसे आले की त्याच्या दारात जाऊन उभं राहावं लागायचं.

कंपालात मात्र चित्र वेगळं. शहरात राहायचं ठरवलं की शिधा नाही. कात्वे आणि न्साम्ब्या भागात कोंगोच्या बायका सकाळी कितेंगेची रंगीत कापडं खांद्यावर टाकून निघतात आणि संध्याकाळपर्यंत दारोदार विकतात. परवान्याचे पैसे त्या कापडाच्या एकूण भांडवलापेक्षा जास्त पडतात, म्हणून परवाना नाही, म्हणून माल जप्त होण्याची भीती कायम. मी एका बाईला विचारलं, पकडतील अशी भीती वाटते का? ती म्हणाली, "वाटते. पण भाडं महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं." अशा बायकांना शिवण शिकवण्यापेक्षा चार जणींत मिळून एक गाळा आणि एक परवाना मिळवून देणं कितीतरी उपयोगाचं ठरतं, हे मी आमच्या वह्यांमधून सांगू शकते. गाळा मिळाल्यापासून त्यांचे हप्ते चुकलेले नाहीत.

आणि मग शिधा. २०२० पासून तो टप्प्याटप्प्याने कापला गेला. २०२३ मध्ये कुटुंबांची गरजेनुसार वर्गवारी झाली आणि जे सावरलेत असं ठरलं त्यांचा बंद केला. २०२५ च्या मे महिन्यात पैसाच संपत आल्यामुळे जागतिक अन्न कार्यक्रमाला जवळजवळ १० लाख निर्वासितांची मदत थांबवावी लागली. त्याचा परिणाम मला आधी पेटीत दिसला. तोवर कर्ज घेण्याचं कारण असायचं मका साठवणं, मासे आणून विकणं, कोंबड्या. नंतर कारणाच्या रकान्यात एकच शब्द येऊ लागला, जेवण. जेवणासाठी काढलेलं कर्ज फिटत नाही, कारण त्यातून पुढे काही येत नाही. शेळ्या विकल्या गेल्या. शिलाई मशीनसुद्धा.

म्हणून स्वावलंबन हा शब्द शिधा बंद करण्याचं कारण म्हणून वापरला गेला की मला राग येतो. क्रम उलटा आहे. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने २००२ मध्ये एक पद्धत सुरू केली. अतिगरीब कुटुंबाला आधी काही महिने पोटापुरता आधार, मग शेळ्या किंवा मालासारखं हाताला भांडवल, बचतीची सवय आणि नियमित घरी येऊन सल्ला देणारा माणूस, हे सगळं दीड-दोन वर्षं. भारतासह सहा देशांत तिची चाचणी झाली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष आले. मदत थांबून वर्ष झाल्यावरही कुटुंबांचं खाणंपिणं आणि उत्पन्न सुधारलेलं राहिलं होतं. इथे कामवेंगे जिल्ह्यात, रवामवांजा वसाहतीतले निर्वासित आणि आसपासचे गावकरी या दोघांबरोबर ही पद्धत राबवली गेली आहे. यात भाकरी आधी येते आणि धंदा नंतर. पोट भरलेलं असलं तरच शेळी व्यायला वेळ मिळतो.

घरून अनेक जण विचारतात, जुने कपडे पाठवू का? कृपा करून नको. इथल्या बाजारात परदेशी जुन्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे उतरतात आणि शिवणाऱ्या बायकांचा धंदा त्यानेच बसलाय. कंपालात आणि जिंजा शहरात आपल्या ओळखीतल्या ज्यांचे कारखाने, हॉटेलं, शाळा, दुकानं आहेत, त्यांना मात्र माझं मागणं आहे. गणवेश, पडदे, ॲप्रन, पिशव्या, जे काही शिवून घ्यायचं असेल त्याची ऑर्डर एकदा या गटांना देऊन बघा, आणि शक्य असेल तर निम्मे पैसे कापडासाठी आधी द्या. नोकरीला माणूस घेताना निर्वासिताचं ओळखपत्र समोर आलं तर ते परत करू नका. कायद्याने त्याला काम करता येतं, हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. फ्रेंच आणि स्वाहिली येणारे हिशेबनीस, वीजकाम जाणणारे, स्वयंपाकी, शिवणाऱ्या अशा माणसांची यादी माझ्याकडे तयार आहे. मागाल त्या दिवशी पाठवते.